चार पुस्तके, एक खातेवही



'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्या घरांमध्ये बायकांच्या कितीतरी कामांना लावली जाते. अर्धा विणलेला स्वेटर, अर्धवट आवरलेले कपाट आणि अर्धी वाचलेली पुस्तके. स्वेटर आणि कपाट यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पुस्तकांना ही म्हण लावायला माझा विरोध आहे, आणि तो आज जरा सविस्तर मांडायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हातातले पुस्तक संपल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम घर सांभाळणाऱ्या बाईच्या उपयोगाचा नाही. या नियमापायीच आपल्यातल्या कित्येकींचे वाचन बंद पडले आहे. दोन, तीन, फार तर चार पुस्तके एकाच काळात खुशाल चालू ठेवावीत. ती कशी चालू ठेवायची, याला मात्र शिस्त हवी.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. पूर्वी वाचनालयातून दर आठवड्याला पुस्तक बदलून आणणाऱ्या. एका चातुर्मासात प्रवचने ऐकून त्यांना उत्साह आला आणि त्यांनी घरी 'समयसार' वाचायला घेतले. ग्रंथ किती खोल आहे ते आपल्याला माहीत आहे. तीसेक गाथा झाल्या, चातुर्मास संपला, महाराजांचा विहार झाला. शंका विचारायला कोणी उरले नाही आणि ग्रंथ तिथेच थांबला. ग्रंथ पूर्ण झाल्याशिवाय दुसरे काही वाचायचे नाही, असे मात्र त्यांनी मनाशी ठरवले होते. याला आता चार वर्षे झाली. ग्रंथ वेष्टनात बांधून कपाटात आहे, रोज त्याला नमस्कार होतो. वाचनालयाची वर्गणी बंद झाली. दुपारचा वेळ मोबाइलवर जातो. जिनवाणीचा मान राखायला गेल्या, आणि जिनवाणीही राहिली, कादंबरीही राहिली. वर मनात अपराधीपणा आहे तो वेगळाच.

अशा बाई प्रत्येक गावात, प्रत्येक मंदिराच्या महिला मंडळात सापडतील. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही. आपण साठीत आलो आहोत. डोळ्यांचे नंबर वाढत आहेत, कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, कोणाचे व्हायचे आहे. डोळ्यांनी वाचायची वर्षे आता मोजकी आहेत. त्यातली चार वर्षे एका नियमापायी कोरडी जावीत, हे मला पटत नाही.

आता एकच पुस्तक वाचायचा नियम आला कुठून, ते पाहू. शाळेत तर तो नव्हता. तिथे रोज सात-आठ तास असत आणि प्रत्येक तासाला वेगळे पुस्तक. आधी गणित संपवा, मग मराठी काढा, असे कोणत्याही गुरुजींनी सांगितले नाही. सकाळी इतिहासातली लढाई आणि दुपारी भूगोलातले वारे, यांची आपल्या डोक्यात कधी सरमिसळ झाली नाही. मासिकांच्या काळातही हा नियम नव्हता. आपल्या आया-मावश्या 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' वाचत, त्यांत क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या असत. महिनाभर थांबायचे, मधल्या काळात दुसऱ्या मासिकातली दुसरी गोष्ट वाचायची, आणि नवा अंक आला की मागचा धागा बरोबर पकडायचा. त्यांना कोणी चिंध्या म्हटले नाही.

मला वाटते, हा नियम ज्यांना सलग दोन-तीन तास मिळतात त्यांनी स्वतःसाठी केला असावा. खुर्चीत बसावे, चहा हातात यावा, आणि पुस्तक संपेपर्यंत कोणी हाक मारू नये. आपला वेळ असा सलग मिळत नाही. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा, आणि प्रत्येक वेळी मनाची ताकदही वेगळी. पहाटे जे समजते ते रात्री नऊ वाजता समजत नाही. मग प्रत्येक वेळेला साजेसे पुस्तक असले तर बिघडले कुठे?

मी कॉमर्सची पदवीधर आहे, त्यामुळे मला याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांमध्ये दिसते. पुस्तपालनाच्या पहिल्या वर्षातच शिकवतात, की मोठा व्यवहार एका वहीत मावत नाही. रोख पुस्तक वेगळे, खरेदी पुस्तक वेगळे, विक्री पुस्तक वेगळे, परतीच्या मालाचे वेगळे. ही सगळी सहाय्यक पुस्तके रोज बरोबरीने चालू असतात. खरेदी पुस्तक भरून संपल्यावर विक्री पुस्तक उघडतो, असा दुकानदार कोणी पाहिला आहे का? पण या सगळ्या पुस्तकांतल्या नोंदी शेवटी एका ठिकाणी जातात, ते म्हणजे खातेवही. खतावणी झाली नाही तर सहाय्यक पुस्तकांचा उपयोग नाही. आणि वर्ष संपताना ज्या खात्याचा व्यवहार पुरा झालेला नसतो, त्याच्यापुढे आपण 'शिल्लक पुढे नेली' असे लिहितो. त्याला कोणी दोष देत नाही. चालू धंद्याची ती खूण आहे.

वाचनाचेही मला तसेच वाटते. पुस्तके चार असू द्यात, खातेवही एक हवी, म्हणजे आपले स्वतःचे मन. आणि अर्धे राहिलेले पुस्तक म्हणजे पुढे नेलेली शिल्लक.

आपल्या धर्माला हे चालेल का, असे कोणी विचारील. मला वाटते, आपल्याइतकी याला अनुकूल रचना क्वचितच कुठे असेल. शास्त्रे एकाच प्रकारची नाहीत, चार अनुयोगांची आहेत. प्रथमानुयोगात महापुरुषांची चरित्रे, करणानुयोगात लोकाची रचना आणि कर्मांचे गणित, चरणानुयोगात श्रावकाचा आणि मुनींचा आचार, द्रव्यानुयोगात तत्त्वाचा विचार. एक अनुयोग संपवून मगच दुसऱ्यात जावे, असे मी कोणाच्या प्रवचनात ऐकलेले नाही. पंडित टोडरमलजींनी 'मोक्षमार्ग प्रकाशक'च्या आठव्या अधिकारात चारही अनुयोगांचे प्रयोजन समजावून सांगितले आहे. ते वाचले की कळते, एका अनुयोगाने जे अंग दिसत नाही ते दुसऱ्याने दिसते. नुसते द्रव्यानुयोगाचे वाचन करणारी बाई कधीकधी कोरडी होते, आणि नुसती पुराणेच वाचणारी गोष्टीतच रमते.

दुसरे कारण अगदी घरगुती आहे. जिनवाणीचा विनय आपण पाळतो. शास्त्र वाचायचे तर हातपाय धुऊन, बसून, शास्त्र चौरंगावर ठेवून. ते जमिनीवर ठेवत नाही, आडवे पडून वाचत नाही, खरकट्या हातांनी शिवत नाही. हे योग्यच आहे. पण मग दुपारी पाठ टेकल्यावर काय वाचायचे? दवाखान्यात नंबर लावून बसलो असताना काय वाचायचे? एकच पुस्तक, आणि तेही शास्त्र, असा नियम केला तर या सगळ्या वेळा रिकाम्या जातात. शास्त्राचा विनय पाळायचा असेल तर दुसरे साधे पुस्तक हाताशी लागतेच.

आणि आपल्या घरांना एक मोठी सवलत आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. इतरांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत असतात तेव्हा आपला ओटा पुसून झालेला असतो. सामायिक, आरती झाल्यावरही तास-दीड तास हातात राहतो. हा तास बहुतेक घरांत टीव्हीवरच्या मालिकांना जातो. तो एखाद्या चांगल्या कादंबरीला किंवा चरित्राला द्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.

बरोबरीने वाचण्याचा खरा लाभ मात्र वेळेच्या हिशेबापलीकडचा आहे. पुस्तके शेजारीशेजारी वाचली की ती एकमेकींशी बोलायला लागतात. माझ्या एका वर्षीच्या वाचनाचे उदाहरण देते. सकाळी 'रत्नकरंड श्रावकाचार' चालू होते. आचार्य समंतभद्रांचा हा ग्रंथ अवघ्या दीडशे श्लोकांचा, श्रावकाच्या घरात असलाच पाहिजे असा. त्यात आठ मद सांगितले आहेत. ज्ञानाचा, कुळाचा, जातीचा वगैरे. ही यादी आपल्याला लहानपणापासून पाठ असते. त्याच दिवसांत दुपारी लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचत होते. पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर या बाईवर जे प्रसंग आले, आणि पुढे तिच्या मनातला सोवळेपणा आणि जातिभेद कसा गळून पडला, ते तिने इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की आपण वाचता वाचता थबकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रत्नकरंड उघडले तेव्हा कुळाचा आणि जातीचा मद हे यादीतले नुसते दोन शब्द राहिले नव्हते. कामाच्या बाईचा कप वेगळा ठेवणारी फळी डोळ्यांसमोर आली. हा कप आपल्या आजूबाजूच्या किती घरांत आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

लक्ष्मीबाई आपल्या धर्माच्या नव्हेत, आणि त्यांचे पुस्तक काही श्रावकाचार नव्हे. तरी सकाळच्या ग्रंथाचा अर्थ दुपारच्या पुस्तकाने उजळला. रत्नकरंड संपवून सहा महिन्यांनी मी 'स्मृतिचित्रे' हातात घेतले असते, तर या दोन नोंदी एका खात्यात पडल्या नसत्या. खतावणी म्हणतात ती हीच.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते अगदीच निराधार नाही. पहिला आक्षेप असा, की डोक्यात गोंधळ होतो. होतो, पण एकाच जातीची दोन पुस्तके घेतली तर. 'आदिपुराण' आणि 'पद्मपुराण' बरोबर वाचायला घ्या, आठ दिवसांत भरत कोणता ते कळेनासे होईल. एक भरत ऋषभदेवांचा पुत्र, चक्रवर्ती. दुसरा भरत रामाचा भाऊ. दोघांचे राज्य, दोघांचे वैराग्य, आणि आपण मध्ये! म्हणून पुराण एका वेळी एकच. त्याच्या जोडीला आचाराचा ग्रंथ घ्या, प्रवासवर्णन घ्या, एखादे चरित्र घ्या. जात निराळी असली की गोंधळ होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अवघड पान आले की बाई सोपे पुस्तक उघडते, आणि अवघड कायमचे मागे पडते. ही पळवाट आहे खरी, आणि ती फार सोयीची आहे. यावर उपाय एकच. चार पुस्तकांपैकी एक मुख्य मानायचे आणि त्याचा रोजचा वाटा ठरवायचा. अर्धे पान का होईना, पण ते आधी. मग बाकीची. आपल्याला नियम घ्यायची सवय असतेच, तेव्हा नियम घ्यायचाच तर असा घ्यावा, की मुख्य ग्रंथाच्या पाच ओळी वाचल्याशिवाय दुसरे पुस्तक उघडणार नाही. 'ग्रंथ संपल्याशिवाय' आणि 'आजच्या पाच ओळी झाल्याशिवाय' या दोन नियमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने वाचन थांबते, दुसऱ्याने चालू राहते.

तिसरा आक्षेप अपूर्णतेचा. सुरू केले ते पूर्ण केलेच पाहिजे, नाहीतर दोष लागतो, अशी एक भीती आपल्या मनात असते. या भीतीला आपल्याच आचार्यांच्या परंपरेत उत्तर आहे. 'षट्खंडागम' आचार्य पुष्पदंतांनी आरंभला, त्याची पुढची सगळी रचना आचार्य भूतबलींनी केली. वीरसेन स्वामींनी 'जयधवला' लिहायला घेतली, वीस हजार श्लोकप्रमाण झाल्यावर ती थांबली. उरलेली चाळीस हजार शिष्य जिनसेनांनी लिहून शके ७५९ मध्ये पूर्ण केली. पुढे याच जिनसेनांनी 'आदिपुराण' आरंभले, आणि ४७ पर्वांपैकी ४२ पर्वे व त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक एवढे लिहून त्यांचे कार्य थांबले. ते गुणभद्रांनी पुरे केले. आणि टोडरमलजींचा 'मोक्षमार्ग प्रकाशक' तर नवव्या अधिकारात अपुराच राहिला. तरी आज घरोघरी तो आदराने वाचला जातो. लिहिणाऱ्यांचे कार्य अपुरे राहिले तरी त्याला आपण हात जोडतो. मग वाचणारीचे चाळीस पानांवर थांबले तर तिने चार वर्षे स्वतःला शिक्षा कशाला द्यावी?

स्वाध्याय म्हणजे तरी केवळ वाचत सुटणे नाही. अंतरंग तपात त्याची गणना आहे, आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना त्यांपैकी एक. शंका विचारणे म्हणजे पृच्छना. वाचलेले मनात घोळवणे म्हणजे अनुप्रेक्षा. शुद्ध पाठ पुन्हा पुन्हा म्हणणे म्हणजे आम्नाय. आणि दुसऱ्याला सांगणे म्हणजे धर्मोपदेश. म्हणजे सकाळी वाचलेली एक गाथा कणीक मळताना मनात घोळत असेल तर ग्रंथ बंद असला तरी स्वाध्याय चालूच आहे. अवघड ग्रंथाला ही मधली जागा लागतेच. त्या जागेत दुपारी दुसरे पुस्तक वाचले म्हणून मुख्य ग्रंथाचा अपमान होत नाही.

माझी स्वतःची व्यवस्था सांगते, उपयोग वाटला तर घ्या. देवघराशेजारी चौरंगावर मुख्य ग्रंथ, सकाळच्या दर्शनानंतरचा. पलंगाशेजारी चरित्र किंवा ललित, दुपारचे. बैठकीच्या खोलीत कादंबरी, संध्याकाळची. पिशवीत एक पातळ पुस्तक, बाहेर जाताना. पुस्तकाने आपली जागा सोडायची नाही. जागा ठरली की पुस्तकाला वेळ आपोआप मिळतो, आणि 'चार पुस्तकं घरभर पसरलीत' असे घरच्यांना म्हणता येत नाही. स्वयंपाकघरातली 'रुचिरा' मी यात धरत नाही. १९७० पासून घराघरांत असलेले कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणीच वाचले नसेल. पाहिजे ते पान उघडायचे, कांदा-लसूण वगळायचा आणि कामाला लागायचे. तरी ते अर्धवट वाचले म्हणून कोणाला वाईट वाटले नाही!

जोडीला एक साधी वही. तारीख, पुस्तकाचे नाव, कोणत्या पानापर्यंत आले, आणि एक ओळ: काय कळले किंवा काय कळले नाही. थांबताना ही ओळ लिहिली की पंधरा दिवसांनी उघडले तरी धागा सापडतो. शंकांसाठी वेगळा रकाना ठेवावा. पुढच्या चातुर्मासात महाराज किंवा माताजी आल्या की हीच वही घेऊन जावे. आपल्यातल्या कितीतरी जणी प्रवचन मन लावून ऐकतात आणि 'कोणाला काही शंका?' म्हटले की गप्प बसतात. वहीत शंका लिहिलेली असली की तोंड उघडते.

मोबाइलबद्दल एकच सांगते. दिवसभर आलेले पन्नास सुविचार, तीन कथा आणि दोन औषधी काढे वाचणे म्हणजे अनेक पुस्तके एकत्र वाचणे नव्हे. त्यात काल काय होते ते आज आठवत नाही. पुढे न्यायला शिल्लकच नसते.

शेवटी हिशेब. दुकानदार वर्षातून एकदा मालाची मोजदाद करतो. आपल्यासाठी श्रुतपंचमी, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, हा त्याचा दिवस आहे. 'षट्खंडागम' ग्रंथ पूर्ण झाला त्याची ती आठवण. त्या दिवशी आपण शास्त्रे झटकतो, वेष्टने बदलतो, पूजा करतो. त्याच दिवशी ही वहीही काढावी. काय पुरे झाले ते पाहावे. जे थांबले आहे पण हवे आहे, त्यापुढे 'शिल्लक पुढे नेली' लिहावे. आणि जे साधे पुस्तक मनाला लागलेच नाही, ते वाचनालयाला किंवा मैत्रिणीला देऊन खाते बंद करावे. शास्त्राचे खाते मात्र बंद करायचे नाही. आज नाही कळले, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या ग्रंथाच्या आधाराने कळेल.

तेव्हा मैत्रिणींनो, कपाटात वेष्टनात बांधलेला अर्धा ग्रंथ कोणाकडे असेल, तर तो आज खाली काढा आणि थांबला होतात तिथून पाच ओळी वाचा. मग वाचनालयात जा आणि आवडीची एक कादंबरी घेऊन या. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच बाईने वाचायला काही हरकत नाही.